बुलियन टाक्याचे वेढे मध्येच सैल का पडतात?

रेशीमधागा:
साखळी टाका, उलटी टीप आणि फ्रेंच नॉट मला बऱ्यापैकी जमतात, म्हणून आता गुलाबाच्या फुलासाठी बुलियन टाका, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन त्यांतून सुई ओढून काढायचा टाका, शिकायला घेतला आहे. सुईवर वेढे घेईपर्यंत सगळे ठीक दिसते. मात्र सुई ओढू लागले की ती नेढ्यापाशी अडते आणि जोर लावून बाहेर काढलीच, तर पहिले काही वेढे घट्ट राहून उरलेले विस्कटतात. कापड सुती आहे, सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घेतले आहेत आणि सुई भरतकामाची नेहमीचीच, लांबट नेढ्याची आहे. वेढे अधिक घट्ट घ्यावेत की सैल, आणि पाकळीला बाक कसा आणावा?

सुईदोरा:
तुमच्या वर्णनावरून दोष हाताचा नसून सुईचा वाटतो. नेहमीच्या सुईचे नेढे दांड्यापेक्षा रुंद असते, त्यामुळे दांड्यावर नीट बसलेले वेढे नेढ्यावरून सरकत नाहीत. या टाक्यासाठी मिलिनर्स सुई घ्यावी. तिचा दांडा लांब असून नेढ्यापाशीही जवळजवळ तेवढ्याच जाडीचा राहतो. सुईचा क्रमांक जितका मोठा, तितकी ती बारीक असते, म्हणून तीन पदरांसाठी १० क्रमांकाची घेऊ नका. वेढे इतपतच घट्ट असावेत की बोटाने ढकलल्यावर ते दांड्यावरून सहज सरकतील. सुई ओढताना ते दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरावेत आणि दोरा पूर्ण ओढला जाईपर्यंत ही पकड सोडू नये, कारण बहुतेक टाके बिघडतात ते याच क्षणी.

कशिदाप्रेमी:
सुईबद्दल सहमत आहे, कापड ताणून धरणाऱ्या रिंगकडेही पाहा. सुई एका बिंदूतून आत घालून लगेच दुसऱ्यातून वर काढायची असल्याने कापड ताठ ताणलेले असेल तर ती वळतच नाही, तेव्हा स्क्रू किंचित सैल करावा. बाकाचे गणित सोपे आहे: दोन बिंदूंमधले अंतर भरेल इतके वेढे घेतले तर टाका सरळ बसतो, आणि त्याहून काही वेढे जास्त घेतले की जागा अपुरी पडून तो आपोआप वळतो. नमुन्यात छापलेल्या वेढ्यांच्या आकड्यावर मी विसंबत नाही, कारण दोरा जाड किंवा बारीक झाला की तो आकडा निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी वेढे खाली सारून त्यांची लांबी त्या अंतराशी ताडून पाहावी. गुलाबाच्या मधोमध लहान सरळ टाके घ्यावेत आणि भोवतीच्या पाकळ्यांची टोके एकमेकींवर थोडी चढवावीत.

रेशीमधागा:
दोघांचेही आभार. वेढे घेताना दोऱ्याचा पीळ उलगडतो आणि पदर सुटे दिसतात, त्याचे काय करावे?

सुईदोरा:
मग वेढे उलट्या दिशेने घेऊन पाहा. भरतकामाच्या रेयॉन दोऱ्याचा पीळ बहुधा सुती दोऱ्याच्या उलट असतो, त्यामुळे एकाला मानवणारी दिशा दुसऱ्याला मानवत नाही. जे टाके आधीच उंचसखल झाले आहेत, ते उसवण्याची घाई करू नका. सुईचा दांडा टाक्याखाली घालून मागेपुढे फिरवला, तर वेढे बरेच सारखे होतात.