मदत हवी आहे: परसात फक्त कबुतरं येतात, बाकीचे पक्षी यावेत म्हणून काय बदलू?

परसदार_नाशिक:
रो-हाऊसच्या मागे 20 बाय 15 फुटांचं परस आहे. कोपऱ्यात कढीपत्ता आणि पेरू. जमिनीवर ताटलीत तांदूळ-ज्वारी, शेजारी स्टीलच्या पातेल्यात पाणी. पश्चिमेकडे तोंड करून चिमण्यांसाठी विकतची लाकडी पेटी लावली आहे, भोक दोन इंच, समोर बसायला दांडी. कबुतरांशिवाय कोणी उतरत नाही आणि पेटी रिकामीच आहे. बुलबुल, शिंजीर, दयाळ शेजारच्या प्लॉटवर रोज दिसतात. पाण्यात डासांच्या अळ्या होतात, शिवाय आवारात मांजर फिरतं. सुरुवात कुठून करू?

उंबर:
आधी दाणे पूर्ण बंद करा. उघड्यावर धान्य असेपर्यंत कबुतरं हटणार नाहीत, आणि तुम्हाला हवे असलेले तिघेही दाण्यावर येणारे पक्षी नाहीत. बुलबुलाला फळं-किडे लागतात, शिंजिराला फुलांतला मध आणि कोळी, दयाळाला पालापाचोळ्यातले किडे. पेरूखालचा पाचोळा झाडून काढू नका, दयाळ तिथेच उतरेल. कबुतरांची वाळलेली विष्ठा मात्र कोरडी झाडू नका. तिची धूळ फुफ्फुसांना खरोखर घातक आहे. पाणी मारून, मास्क लावून खरवडा.

पक्षी आणायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. पण पातेलं खोल असतं, गुळगुळीत असतं आणि उन्हात तापतं. त्याऐवजी दीड फूट व्यासाची खरबरीत मातीची किंवा सिमेंटची परात घ्या. कडेला पाणी 1-2 सेंमी, मध्ये फार तर 5 सेंमी, आत एक-दोन चपटे दगड. परात साडेतीन-चार फूट उंच खांबावर ठेवा आणि खांबावर 4 इंची पीव्हीसी पाइप चढवा, म्हणजे मांजराला पकड मिळत नाही. दाट झुडपापासून दोनेक मीटर दूर असू द्या: मांजराला दबा धरता येत नाही आणि पक्ष्याला उडून फांदी गाठता येते.

वर पाच लिटरचा कॅन टांगून सलाईनच्या नळीने सेकंदाला एक थेंब सोडा. तासाला साधारण 180 मिली पाणी जातं, म्हणजे कॅन दिवसभर सहज पुरतो. थेंबांची हालचाल आणि आवाज यांनी शिंजीर, चष्मेवाला, नाचण लवकर येतात.

अळ्यांसाठी पाणी रोज बदला, पण नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात आणि कोरड्यातही टिकतात. काथ्याने कड घासा, साबण नको.

रानपिंगळा:
पेटीबद्दल. दोन इंचांच्या भोकातून साळुंकी शिरते, त्यामुळे चिमण्या तिथे टिकत नाहीत. वर पत्र्याचा किंवा लाकडाचा तुकडा ठोकून भोक 32 मिमी करा आणि दांडी कापून टाका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र बसून चोच घालायला उपयोगी पडते. तळ 15 बाय 15 सेंमी, भोक तळापासून 15 सेंमी वर, तळाला 5-6 मिमीची चार छिद्रं, छप्पर पुढे 5 सेंमी आलेलं. आतून रंग-पॉलिश नको. लाकूड खरबरीत असेल तर पिल्लांना वर चढता येतं.

पश्चिमेचं तोंड सगळ्यात वाईट. दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही थेट आत. पूर्वेला किंवा उत्तरेला, पागोळीखाली 8-10 फुटांवर लावा. पिल्लं उडून गेली की जुनं गवत काढून पेटी उन्हात ठेवा.

परसदार_नाशिक:
मग चिमण्यांना दाणे द्यायचेच नाहीत का? आणि शिंजिरासाठी साखरपाणी?

उंबर:
कबुतरांची सवय मोडल्यावर 2 इंची वेल्डमेशचा पिंजरा करून त्याच्या मधोमध वाटी ठेवा. चिमणी आणि मुनिया जाळीतून जातात, कबुतर नाही. जाळीपासून वाटीपर्यंत निदान 15 सेंमी अंतर ठेवा, नाहीतर बाहेरून मान घालून कबुतर खाईलच. बाजरी-राळा संध्याकाळपर्यंत संपेल एवढाच. भिजून बुरशी आलेले दाणे पक्ष्यांना आजारी पाडतात. मिठाचा भात, फरसाण, ब्रेड अजिबात नको.

साखरपाणी नकोच. आपल्या उन्हात ते काही तासांत आंबतं आणि मुंग्या लागतात. एकेरी पाकळीचा जास्वंद लावा. पावसाच्या सुरुवातीला तुतीची फांदीही खोचा, ती सहज जगते आणि फळांवर बुलबुल हमखास येतात. कढीपत्त्याची फळं न तोडता काळी होऊ द्या, बुलबुल-कोकिळ दोघेही खातात.

फवारणी बंद ठेवा. चिमणीच्या पिल्लांना सुरुवातीला जवळजवळ फक्त किडेच भरवले जातात. फवारलेल्या परसात पेटी अगदी मापात असली तरी पिल्लं उपाशी राहतात. जास्वंदावर पिठ्या ढेकूण आला तर पाण्याची जोरदार धार मारा, फार पसरला असेल तर ती फांदी छाटून पिशवीत बंद करून टाका.