सतराच्या सतरा जागांचा अर्थ
इंग्लंडमधील फ्रूम या गावात अपक्षांच्या एका गटाने टाउन कौन्सिलच्या (गावपातळीवरील स्थानिक संस्थेच्या) सर्व जागा जिंकल्या, त्यावरून ‘सारे गाव एकमताचे झाले’ असा जो निष्कर्ष काढला जातो, त्यात थोडी भर घालतो. सॉमरसेट परगण्यातील या गावात ‘इंडिपेंडंट्स फॉर फ्रूम’ या अपक्षांच्या गटाने २०११ मध्ये १७ पैकी १० जागा जिंकल्या आणि २०१५ व २०१९ मध्ये सर्व १७. मात्र इंग्लंडमध्ये ज्या वॉर्डातून दोन-तीन सदस्य निवडायचे असतात, तेथे मतदाराला तितकीच मते देता येतात आणि सर्वाधिक मते मिळवणारे निवडून येतात. त्यामुळे विरोधक विखुरलेले असतील, तर निम्म्याहून कमी मतांवरही एखादा गट अख्खा वॉर्ड नेऊ शकतो. जागांवरून एकमत मोजणे म्हणूनच मला धाडसाचे वाटते.

शिवाय ही टाउन कौन्सिल आहे. शाळा, समाजसेवा, मुख्य रस्ते हे विषय तिच्याकडे नसतात. कौन्सिल टॅक्ससोबत (घरांवरील स्थानिक करासोबत) वसूल होणाऱ्या छोट्या हिश्श्यावर ती उद्याने, सभागृहे, स्थानिक संस्थांना मदत अशी कामे करते. अशा ठिकाणी पक्षाचे लेबल सोडणे मतदाराला सोपे जाते. (आपल्याकडेही ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नसतेच.)