शेत, रान आणि बोली: तिन्ही एकाच प्रबंधात कशाला?

राजारामपुरीकर
सेंद्रिय शेती, जंगलाची परिसंस्था आणि बोलीभाषा असे तिन्ही विषय एकाच प्रबंधात कोंबणाऱ्यांना माझा विरोध आहे. मातीला प्रयोगशाळा लागते, झाडं मोजायला चौकटी आखाव्या लागतात, बोलीला ध्वनिमुद्रण लागतं. एका माणसाला तीन शास्त्रं जमत नाहीत. मग हाती उरतात मुलाखतींची पानं. एक विषय घ्या आणि खोल जा.

घाटमाथा
हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी-गगनबावड्याकडं भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, टाकायची जागा कशी भाजायचे, बघितलंय? ऐन-किंजळीच्या झाडांचा टहाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडायचा, वाळवायचा, शेणाबरोबर पसरून पेटवायचा. आता हा विषय शेतीचा की जंगलाचा? दरवर्षी त्याच झाडाला कोयता लागला तर झाड खुरटतं. कुठल्या झाडाला यंदा हात लावायचा नाही हे आमच्या आजीला ठाऊक होतं, ते कुठल्या दप्तरात लिहिलेलं नव्हतं. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानांचा, अभ्यास केला, तेव्हा ते झाडांच्या यादीवर थांबले नाहीत. देव कोणता, तोडीला मनाई कशी, हेही टिपलं. विषयांच्या भिंती विद्यापीठात असतात, बांधावर नसतात.

शिरोळकर
देवराई ठीक आहे, पण सेंद्रियचं कौतुक आधी थांबवा. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीडेक वर्षानं तुटणाऱ्या, उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६०. शेणखतात नत्र अर्धा टक्का. एकरी ३२ टन शेणखत आणायचं कुठनं? दावणीला दोन म्हशी आहेत माझ्या. प्रबंध लिहिणाऱ्यानं हे गणित सोडवावं, मग बोलीबिली बघावी.

घाटमाथा
पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवायचं बंद करा, हिरवळीचं खत म्हणून ताग-धैंचा गाडा, मग शेणखत मोजा. आणि शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड, म्हणजे मीठ फुटलेल्या, जमिनींचं काय? भरमसाट पाणी आणि पोत्यानं खत, त्याचंच ते फळ आहे.

शिरोळकर
क्षारपड मला शिकवू नका! वडिलांच्या हयातीत आमच्या मळ्यात ढेकळांवर पांढरा थर चढला, उसाचे कोंब जागेवर करपले. कर्ज काढून जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले, तेव्हा कुठं पीक उभं राहिलं. त्या काळात जो संशोधक आला तो मातीची पिशवी भरून गेला, निकाल सांगायला परत आला नाही. पाचट मी जाळत नाही, कुजवतो. त्यानं जमीन भुसभुशीत होते, तेवढं कबूल. पण एकरी तीन-चार टन पाचटातनं नत्र मिळून मिळून किती? पंधरा-वीस किलो. राहिलेलं?

बोलीची विद्यार्थिनी
उसात शिरलात की तुम्ही बाहेरच येत नाही. मूळ प्रश्न अभ्यासाच्या पद्धतीचा आहे. शेतीवाले प्रश्नावली प्रमाण मराठीत छापतात आणि उत्तरं प्रमाण मराठीतच मिळवतात. मी भुदरगडात एका काकूंशी बोलत होते. माझ्यासमोर त्या "मी जाते" म्हणाल्या, आणि पाठ फिरवून जावेला हाक मारली, "मी जातो गं, चूल बघ." आपल्याकडं बायका असंच बोलतात, पण कागदावर ते येत नाही. जी बाई आपली क्रियापदं बदलून बोलते, ती बियाण्याबद्दल आणि पाल्याबद्दल तरी मोकळेपणी सांगेल का? डेक्कन कॉलेजच्या सर्वेक्षणात बोली ध्वनिमुद्रित केल्या, ते ऐकायलाही मिळतं. शेतीच्या अभ्यासात असं रेकॉर्डिंग का होत नाही?

राजारामपुरीकर
तुम्ही माझाच मुद्दा सांगताय. त्यासाठी भाषेचं शिक्षण घेतलेला माणूस लागतो. मातीवाला, रानवाला आणि भाषेवाला असे तिघं मिळून करणार असतील तर माझी हरकत नाही. एकट्याच्या प्रबंधाला आहे, आणि राहील.

घाटमाथा
तिघांचा खर्च कोण देणार? गावात पावसाळाभर राहणारा एकटाच पोरगा किंवा पोरगी असते. त्यांना भाषेवाला मार्गदर्शक जोडून द्या, पण विषय तोडायला लावू नका. टहाळ तोडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी आता सत्तरी ओलांडली आहे.

शिरोळकर
मार्गदर्शक जोडा नाहीतर आणखी काही करा. १६० किलो नत्राचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. आणि माती नेली तर निकाल शेतकऱ्याच्या हातात द्या, आमच्या बोलीत सांगितला तरी चालेल.