अनुभव धागा: मेलमधून येणारे भामटे

रिटर्नचे दिवस आले की इंदूरच्या आपल्या मंडळींत पोहे-जलेबीबरोबर "रिफंडचा मेल आला का?" हेही सुरू होतं. त्यातले बरेच मेल आयकर खात्याचे नसतातच, म्हणून हा धागा. नुसतं "सावध राहा" लिहू नका, ते सगळ्यांना पाठ आहे. मेल कसा होता, शंका कुठे आली, पुढे काय केलंत ते सांगा. बँकेचं, कंपनीचं नाव मात्र टाळा.

सुरुवात मी करते. सासऱ्यांना मेल आला: परतावा मंजूर, आजच्या आज कार्डाचा तपशील भरा. पाठवणारा "इन्कम टॅक्स डिपार्टमेंट". नावावर टिचकी मारली की खरा पत्ता उघडतो. त्यात इन्कमटॅक्स होतं, गव्हही होतं, पण शेवट भलत्याच डॉट कॉमवर. आयकर खात्याचा खरा पत्ता डॉट गव्ह डॉट इनवर संपतो. शिवाय परतावा पोर्टलवर आधीच पडताळलेल्या खात्यात जमा होतो, त्याला कार्ड आणि पिन कशाला? "अगं, पण खात्याचं बोधचिन्ह आहे ना वर!" अहो बाबा, ते कोणीही चिकटवतं.

सुदामानगरातून
ताई, थोडी भर घालतो. पत्ताही खोटा दाखवता येतो. जीमेल संगणकावर उघडून मेलच्या तीन टिंबांत "शो ओरिजिनल" बघा. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्या दिसतात. मेल खरंच त्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून, आलाय का ते त्या तपासतात. त्यांच्यापुढे "पास" आहे का ते बघा. "फेल" असेल तर मेल सरळ फिशिंग, म्हणजे फसवा मेल, म्हणून रिपोर्ट करायचा. पण पास म्हणजे माणूस सज्जन असं नव्हे. मेल त्याच डोमेनवरून आलाय, एवढंच. डोमेन भामट्यानेच विकत घेतलं असेल तर तोही पासच होतो.

सांवेर रोडवरून
आमचा नमकीनचा कारखाना. पॅकिंग मशीनचा ॲडव्हान्स द्यायचा होता, पुरवठादाराशी कित्येक आठवडे मेलवर बोलणं चाललेलं. त्याच साखळीत उत्तर आलं: आमचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय, रक्कम या नव्या खात्यात टाका. खाली जुने सगळे मेल जसेच्या तसे, कोटेशन नंबर बरोबर, जीएसटीचा हिशेबसुद्धा पैशापर्यंत जुळलेला. मी तर आरटीजीएस करायला सांगून मोकळा होणार होतो. पण आमचे मुनीमजी अडले. म्हणाले, "भिया, हा माणूस नेहमी मोडक्या इंग्रजीत दोन ओळी लिहितो, आज एकदम वकिलासारखं कसं काय लिहायला लागला?" मग पत्ता मोठा करून पाहिला. कंपनीच्या नावातल्या एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी बसवलेले! फोनच्या बारीक अक्षरांत तो एमच दिसतो.

मुनीमजींनी मेलखालच्या नंबरावर फोन केला नाही, जुन्या बिलावरच्या नंबरावर केला. हे फार महत्त्वाचं, कारण मेलमधला नंबरही भामट्यांचाच असतो. समोरच्याला काहीच पत्ता नव्हता. नंतर कळलं, त्याच्या मेलबॉक्सात कोणीतरी शिरून फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवला होता. त्याचा प्रत्येक मेल गुपचूप बाहेर जात होता. नुसता पासवर्ड बदलून भागलं नसतं, तो नियम शोधून काढावा लागला. आता आमच्याकडे खातं बदललं की आधी फोन, मग पैसे. मुनीमजींना त्या दिवशी सराफ्यात नेऊन पोटभर गराडू आणि मावाबाटी खाऊ घातली, तो भाग वेगळा.

रामबागेतून
मला भामट्यांपेक्षा जाहिरातींचा वैताग. कोणी म्हणतं अनसबस्क्राइब दाब, कोणी म्हणतं अजिबात दाबू नको. नक्की काय?

सुदामानगरातून
काकू, जिथे तुम्ही स्वतः कधी खरेदी केली, नाव नोंदवलं, तिथे बिनधास्त दाबा. जीमेल-याहूने मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना 2024 पासून एका टिचकीत नाव काढायची सोय सक्तीची केली आहे. अनोळखी मेलमध्ये मात्र दाबू नका. हा पत्ता चालू आहे, एवढं त्यांना समजतं. तो स्पॅममध्ये टाका. आणि सेटिंगमध्ये चित्रं आपोआप उघडणं बंद करा, त्या चित्रांवरूनही मेल उघडल्याचं कळतं.

पळसीकर कॉलनीतून
मी बँकेतून निवृत्त. रिझर्व्ह बँकेने बँकांना डॉट बँक डॉट इन या डोमेनवर यायला सांगितलं, मुदत 31 ऑक्टोबर 2025 होती. त्यामुळे नेटबँकिंगच्या पत्त्याचा शेवट तसा आहे का ते बघायची सवय लावा. तरीही मेलमधल्या दुव्यावरून बँकेत शिरू नका, पत्ता स्वतः टाइप करा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, आपल्या बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता येते. शेजारच्या वहिनी "आधी मुलाला विचारते" म्हणून संध्याकाळपर्यंत थांबल्या, तोवर खातं रिकामं.

रामबागेतून
तो फॉरवर्डिंगचा नियम माझ्या फोनच्या जीमेलमध्ये सापडत नाहीये, दादा.

सांवेर रोडवरून
ॲपमध्ये नाही दिसत. संगणकावर उघडा, सेटिंगमध्ये "फॉरवर्डिंग" आणि "फिल्टर" दोन्ही टॅब बघा. अनोळखी पत्ता दिसला की काढा, मग पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.