गुलाबावर काळे काटेरी किडे आलेत, कुठलं औषध मारू?

गुलाबवेडी:
आठ दिवस झाले गुलाबाच्या कळ्यांवर हिरवा मावा पडलाय, आणि आता त्याच फांद्यांवर नवीनच प्रकार दिसतोय. काळपट राखाडी, लांबुडके, सेंटीमीटरभर असतील, अंगावर बारीक काटे आणि कडेला केशरी ठिपके. पुढच्या सहा पायांवर चालतात आणि मागचं अंग फरपटत नेतात. काही पानांवर केशरी गाठीसारखं पण चिकटलंय, त्याला काडी लावली तर झटका देऊन उभंच राहिलं, घाबरले मी. चार-पाच किडे चिरडले, बाकीच्यांवर संध्याकाळी फवारणी करायची आहे. काय मारू?

पानोपानी:
थांबा, काहीही मारू नका प्लीज! ही लेडीबर्डची म्हणजे ढालकिड्याची पिल्लं आहेत. तो लाल, गोल, काळ्या ठिपक्यांचा किडा सगळ्यांना माहीत असतो पण त्याची अळी अशी दिसते हे कोणी सांगतच नाही आणि मग चांगली चांगली माणसं ती मारून टाकतात, मला फार वाईट वाटतं याचं.

मादी मुद्दाम मावा असेल तिथेच अंडी घालते, पिवळी, लांबट, एकमेकाला खेटून उभी. चार-पाच दिवसांत अळ्या बाहेर पडतात, भूक एवढी की शेजारचं न फुटलेलं अंडंसुद्धा खातात. मग दोन-तीन आठवडे नुसता मावा, एकेक अळी मोठी होईपर्यंत शेकडो फस्त करते. मधे तीनदा कात टाकते आणि चौथ्यांदा टाकली की पानाला चिकटून कोष होतो, तीच तुमची केशरी गाठ. झटका देते कारण तिला पळता येत नाही, शत्रूला हुसकवायला तेवढंच आहे तिच्याकडे. साबणाचं पाणीसुद्धा या मऊ अळ्यांना सोसत नाही.

फांदीवर मुंग्या चढतायत का तेवढं बघा. माव्याच्या अंगातून गोड चिकट रस येतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हाकलतात. मुंग्यांची वाट बंद केलीत तर अर्धं काम झालं.

वेलवेडा:
वरच्याशी सहमत, फक्त एक सांगतो, ठिपके दिसले म्हणजे मित्रच असं धरून चालू नका. अठ्ठावीस ठिपक्यांचा एक भाऊबंद आहे, तो वांगं, बटाटा, कारलं असल्या झाडांची पानं खातो. खालून हिरवा भाग खरवडतो आणि पानाची जाळी करून ठेवतो. तो चकचकीत नसतो, अंगावर बारीक लव असते, आणि अळी पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची. गुलाबावर माव्यात बसलेली काळी-केशरी अळी ती नव्हे.

मी स्वतः उलटी चूक केलीये. जास्वंदीवर पांढरे कापसासारखे किडे दिसले ते पिठ्या ढेकूण समजून ब्रशने घासून काढले, नंतर कळलं त्यातले पळणारे मोठे होते ते क्रिप्टोलेमसच्या अळ्या होत्या, हाही ढालकिडाच आणि पिठ्या ढेकूण खाणारा! अजून हळहळ वाटते.

गुलाबवेडी:
अरे देवा, चिरडलेल्यांचं फार वाईट वाटतंय. फवारणी रद्द. मुंग्या आहेतच, कुंडीखालून येतायत. आणि त्या ठिपक्यांवरून वय कळतं का?

पानोपानी:
नाही हो, ठिपके जातीप्रमाणे असतात, वयाप्रमाणे वाढत नाहीत. कोषातून निघाल्यावर मात्र आधी अगदी पिवळट, मऊ आणि बिनठिपक्याचा असतो, पंख कडक होता होता काही तासांत ठिपके उमटतात. तेव्हा उचलू नका. एरवीसुद्धा दाबलात तर पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा थेंब सोडतो, ते त्याचं रक्तच आहे आणि चवीला इतकं कडू की पक्षी परत नादी लागत नाहीत.

गुलाबवेडी:
सहा दिवसांनी लिहितेय. एक कोष सकाळी फुटलेला दिसला, शेजारी पिवळाधमक किडा बसलेला, एकही ठिपका नाही. दुपारी परत बघितलं तर सात मोजले, दोन्ही पंखांवर तीन-तीन आणि मानेजवळ मधोमध एक. कळ्यांवरचा मावा निम्म्याच्या खाली आलाय.