काटापावतीवरची तारीख जेसनमध्ये एक दिवस मागे जाऊन राहिली, मदत हवी

वजनकाटा:
जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची नोंद घेणारं वेब ॲप आहे. समोर जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर पायथन. काट्यावर १५ नोव्हेंबर निवडली तरी जेसनमध्ये (समोरून सर्व्हरकडे माहिती नेणारा मजकूर) १४ नोव्हेंबर, १८:३०:०० आणि शेवटी झेड असं जातं. पावतीवर १४ छापल्या जाते. मोबाईलचं घड्याळ बरोबर आहे. सर्व्हरकडून परत पाठवतानाही पायथन टाइपएरर देतं, 'डेट' जेसनमध्ये बसत नाही म्हणून.

खळ्यावरचा:
भाऊ, हा साडेपाच तासांचा घोळ आहे. जेसन-स्ट्रिंगिफाय हे तारखेचं टू-आयएसओ-स्ट्रिंग करतं, आणि ते नेहमी यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळ, शेवटचा झेड ही तिचीच खूण) असतं. आपल्याकडे १५ ची मध्यरात्र झाली तेव्हा यूटीसीत १४ चे १८:३० वाजलेले असतात. क्षण बरोबर, तारीख गेली.

तारीख निवडायचा डबा 'टाइप डेट' असेल तर त्याची व्हॅल्यू मुळातच '२०२४-११-१५' असा मजकूर असते. तोच पाठवा, मधात डेट ऑब्जेक्ट बनवूच नका. बनवलाच असेल तर गेट-फुल-इयर, गेट-मंथ अधिक १ (जानेवारी शून्य धरतात!) आणि गेट-डेट घेऊन पॅड-स्टार्टनं दोन अंकी करा. आयएसओ मजकुराची पहिली दहा अक्षरं कापायचा जुगाड करू नका, तिथंही १४ च निघते.

तुरीचंशेत:
जेसन-स्ट्रिंगिफायला रिप्लेसर (जाता जाता व्हॅल्यू बदलणारं फंक्शन) लावून पाहाल तर फसाल. त्याच्या हाती येईपर्यंत तारखेचा मजकूर झालेला असतो.

परत वाचताना जेसन-पार्स तारीख बनवून देत नाही, मजकूरच देतं. '२०२४-११-१५' थेट न्यू डेटला दिलं तर ते यूटीसी मध्यरात्र धरतं, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. म्हणून डॅशवर तोडा आणि वर्ष, महिना वजा १, दिवस असं द्या.

पायथनमध्ये जेसन-डम्प्सच्या 'डिफॉल्ट'ला आयएसओ-फॉरमॅट करणारं फंक्शन द्या. त्यात आधी डेटटाइम तपासा, मग डेट. डेटटाइम हा डेटचाच उपप्रकार आहे, उलट केलं तर वजनाची वेळही तारखेच्या फांदीत जाते. वाचायला फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट, पण पूर्ण वेळेच्या शेवटचा झेड त्याला पायथन ३.११ पासूनच कळतो.

वजनकाटा:
डबा 'टाइप डेट'चाच निघाला, मीच त्याची व्हॅल्यू तोडून वर्ष, महिना, दिवस असा न्यू डेट करत होतो. जुन्या नोंदींचं काय?

खळ्यावरचा:
आधी बॅकअप घ्या. झेडवाल्या नोंदीत ५ तास ३० मिनिटं मिळवा, मग तारीख कापा. नुसत्या तारखेच्या नोंदींना हात लावू नका. वजन झाल्याची वेळ मात्र तारखेत बदलू नका, तो खरा क्षण आहे, +०५:३० सकट ठेवा.