जुन्या अ‍ॅनिमेतले खलनायक पुन्हा बघायचेत: कुठून सुरू करू, काय गाळू?

शनिवार_दुपार (धागाकर्ता)

नव्वदच्या दशकातल्या मालिका पुन्हा बघायला घेतोय. या खेपेला हिरोसाठी नाही, व्हिलनसाठी. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. जुना खलनायक आधी घाबरवायचा, त्याचं कारण नंतर कळायचं, किंवा कळायचंही नाही. हल्ली मान उडायच्या आधी पाच मिनिटं त्याचं बालपण दाखवतात आणि आपण रुमाल काढायचा. फ्रीझाला बालपण नाही. त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही.

यादी अशी: ड्रॅगन बॉल झीमधला फ्रीझा, यू यू हाकुशोतला धाकटा तोगुरो, रुरौनी केनशिनमधला शिशिओ आणि मॉन्स्टरमधला योहान. मॉन्स्टर मालिका २००४ची, पण तिची मांगा (मूळ जपानी चित्रकथा) १९९४ला सुरू झाली, तेव्हा चालवून घ्या.

हाताशी वेळ रोज दीड तास, दोन महिने. म्हणजे झाडून ९० तास. आता प्रश्न:

१. फ्रीझासाठी मूळ झी बघू की काई (झीचीच छाटून आटोपशीर केलेली आवृत्ती)?
२. चारही मालिकांत काय गाळलं तर खलनायकाचं नुकसान होत नाही?
३. डब की सबटायटल?

सगळ्या मालिका जुन्या आहेत, त्यामुळे स्पॉयलरची काळजी नको. ज्याला आहे त्याने हा धागा इथेच सोडावा.

---

चौकट_चारतीन

९० तासांत बसतं. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वगळलं तर एक भाग २१ मिनिटांचा धरा.

फ्रीझासाठी डोळे मिटून काई. नामेक ग्रहावर पोचल्यापासून फ्रीझा संपेपर्यंत मूळ मालिका सत्तरेक भाग घेते, काई साधारण छत्तीस. कारण सरळ आहे. झी चालू असताना मांगाही दर आठवड्याला येत होती, आणि मालिका तिच्या पुढे जाऊ शकत नव्हती. मग काय, दोघांनी एकमेकांकडे बघायचं, वारा सुटायचा, दगड वर तरंगायचे, लांब उभ्या असलेल्या चौघांचे चेहरे एकेक करून दाखवायचे. नामेक फुटायला 'पाच मिनिटं' उरलीत असं फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटं दहाएक भाग पुरतात! यात सगळ्यात जास्त मार खातो तो फ्रीझाच. घाईत असलेला क्रूर माणूस भयानक वाटतो, वेळ काढणारा क्रूर माणूस कंटाळवाणा.

काई २००९ची आहे. सायान (परग्रहावरचे योद्धे) येण्यापासून सेल हा फ्रीझानंतरचा खलनायक संपेपर्यंत मूळ १९४ भाग होते, ते तिथे ९८ झाले. पहिले ५४ बघा, फ्रीझा तिथे आटोपतो. १९ तास.

घेताना दोन गोष्टी तपासा.

पहिली, चौकट. हे सगळं ४:३ साठी काढलेलं चित्र आहे. काई टीव्हीवर १६:९ करून दाखवली होती, आणि झीच्याही काही डीव्हीडी तशाच कापलेल्या आहेत. ४:३ची १६:९ करायची तर उंचीचा चौथा भाग जातो. फ्रीझाच्या पहिल्या रूपात डोक्यावरची शिंगं अर्धवट दिसली की समजा चित्र कापलंय. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसत असतील तर ते बरोबर आहे, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'भरून' काढू नका.

दुसरी, संगीत. काईचं नवं पार्श्वसंगीत उसनेगिरीच्या आरोपांमुळे २०११मध्ये काढलं आणि मूळ झीचं संगीत परत बसवलं. त्यामुळे एकाच भागाच्या दोन आवृत्त्या फिरतात. जुनं संगीत असलेली घ्या. नवं वाईट नव्हतं, पण फ्रीझाच्या शांत बोलण्याखाली ते फार धावतं.

---

हिएईचा_डोंगर

चौकट यांना अनुमोदन. शिशिओ आणि तोगुरोबद्दल मी लिहितो, कारण या दोघांना चुकीच्या भागापासून सुरुवात करून लोक वाया घालवतात.

तोगुरोसाठी सगळे सांगतात 'डार्क टूर्नामेंट बघ, भाग २६ ते ६६'. चूक. २६ला सुरुवात केलीत तर मुख्य धक्काच जातो. तोगुरो येतो त्याच्या आधी, नायक यूसुके आणि मंडळी कैदेतल्या युकिनाला सोडवायला जातात तिथे, भाग २२ ते २५मध्ये. तिथे तो हरतो. मग २६मध्ये धडधाकट समोर उभा राहतो आणि यूसुकेला कळतं की तो हरला नव्हता, हरल्याचं नाटक केलं होतं. पुढच्या चाळीस भागांतली भीती या एका गोष्टीवर उभी आहे. म्हणून ६ ते १३ बघा (यूसुकेचे साथीदार हिएई, कुरामा आणि गुरू गेनकाई यांची ओळख), १४ ते २१ गाळा, २२ पासून ६६ पर्यंत सलग. ५३ भाग, साडेअठरा तास.

तोगुरोची टक्केवारी, म्हणजे तो आपली किती ताकद वापरतो ते, नीट लक्षात ठेवा. ८० टक्के, १०० टक्के आणि मग '१००मधले १००'. ऐकायला पोरकट वाटतं, पण प्रत्येक पायरीला किंमत आहे. १०० टक्क्यांवर त्याचं शरीर भुकेलं होतं आणि तो स्टेडियममधल्या दुबळ्या प्रेक्षकांचे प्राण ओढून घ्यायला लागतो. म्हणजे खलनायकाची ताकद वाढली की बघणारे मरतात. शेवटी तो यूसुकेच्या हल्ल्याने जितका संपतो, तितकाच स्वतःच्या जोराने संपतो.

आता शिशिओ. माझ्या मते यादीतला सगळ्यात नीट बांधलेला. मेइजी सरकारने त्याच्याकडून गुपचूप खून करून घेतले आणि काम झाल्यावर त्यालाच जाळलं. तो वाचला, पण अंगभर भाजल्यामुळे घामाच्या ग्रंथी गेल्या. घाम नाही म्हणजे शरीर थंड होण्याचा रस्ता नाही. म्हणून तो १५ मिनिटांपेक्षा जास्त लढू शकत नाही, त्यापुढे ताप वाढत जातो. ही मर्यादा आधीच सांगून ठेवलेली आहे, ऐनवेळी काढलेली नाही. केनशिन पडल्यावर त्याच्या बाजूने साइतो, सानोसुके आणि आओशी एकामागून एक मध्ये येतात, त्यांच्यापैकी कोणी त्याला हरवत नाही, पण घड्याळ पुढे सरकत राहतं. शेवटी तो स्वतःच्याच उष्णतेने पेटतो. न हरता मरतो, असंही म्हणता येईल, आणि त्याचे चाहते तसंच म्हणतात.

तलवारीचंही तसंच. शिशिओच्या मुगेनजिन या तलवारीच्या पात्याला मुद्दाम करवतीसारखे दाते आहेत, म्हणजे धार जाण्याचा प्रश्न नाही. मारलेल्या माणसांची चरबी त्या दात्यांत मुरलेली असते, पातं घासलं की ठिणगीने ती पेटते. प्रत्यक्षात असं होणार नाही हे उघड आहे. पण ही तलवार आणि केनशिनची उलट्या धारेची तलवार एकाच कारागिराची, अराई शाक्कूची. एकाच हाताच्या दोन वस्तू समोरासमोर येतात.

बघायचं काय: पहिले १३ भाग (आओशी कोण ते कळायला हवं), मग २८ ते ६२. साधारण १७ तास. ६२ला थांबा. ६३ ते ९५ मांगात नसलेला मजकूर आहे, आणि शिशिओनंतर ते बघणं म्हणजे श्रीखंडावर गार वरण. २०२३ पासून आलेली नवी मालिका चित्राने स्वच्छ आहे, शिशिओचा, म्हणजे क्योतोचा भाग तिच्या दुसऱ्या सत्रात, ऑक्टोबर २०२४पासून आला. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती चालेल. तुम्हाला जुनीच.

जाता जाता: १४ मे १८७८ला गृहमंत्री ओकुबो तोशिमिची यांचा खून झाला, ही इतिहासातली घटना आहे. मारेकरी शिमादा इचिरो आणि साथीदार. मालिकेत ते पोचायच्या आधीच शिशिओचा माणूस सोजिरो बग्गीत शिरून काम करून जातो. खऱ्या खुनाला हात न लावता त्यात खोटा खुनी बसवलाय. ही हातचलाखी पुन्हा बघा.

---

निनावी_राक्षस

बाकी ठीक, पण धागाकर्त्याच्या 'जुने विरुद्ध नवे' मताला आमचा विरोध नोंदवावा.

मरायच्या आधी बालपण दाखवणं नवं नाही. तोगुरोला भूतकाळ आहेच: पन्नास वर्षांपूर्वी त्याचे शिष्य एका राक्षसाने मारले, ते वाचवता आले नाहीत म्हणून त्याने ताकद मागितली आणि स्वतः राक्षस झाला. फरक एवढाच की तो स्वतः त्याचं भांडवल करत नाही. मेल्यानंतर सर्वांत कठोर नरक स्वतःहून मागतो, आणि गेनकाई त्याला वाटेत गाठते तेव्हा आपल्याला त्याचं खरं दुःख दिसतं. तोवर लढाई संपलेली असते. दया मागितली तर हिशोब बिघडतो, हे त्या लेखकाला कळलं होतं. उलट डीमन स्लेयरमधले बरेच राक्षस मरताना रडतात हे खरं, पण त्यांचा मालक मुझान त्यांच्यासारखा नाही. स्वतःच्या खालच्या फळीला एका बैठकीत संपवतो तो प्रसंग (पहिल्या सत्राचा शेवट, भाग २६) फ्रीझाच्या तोडीचा आहे. तेव्हा सरसकट नको.

योहानबद्दल. मॉन्स्टरमध्ये काहीही गाळू नका. ७४ भाग, २६ तास. फिलर (मूळ कथेत नसलेले, वेळ काढायला घातलेले भाग) नाही, पण फिलर वाटतील असे भाग भरपूर आहेत: डॉक्टर तेन्मा एखाद्या गावात जातो, तिथल्या म्हाताऱ्यावर उपचार करतो, पुढे जातो. लोक इथेच पळवतात आणि मग तक्रार करतात की योहान दिसतच नाही. अहो, तो कमी दिसतो हीच तर युक्ती आहे. त्याच्याकडे टक्केवारी नाही, रूपांतरं नाहीत, पेटणारी तलवार नाही. तो माणसाशी बोलतो आणि नंतर तो माणूस गच्चीच्या कठड्यावर उभा असतो. हा परिणाम कळायचा असेल तर आधी साधी माणसं साधेपणाने जगताना दिसायला हवीत. ते काम त्या 'कंटाळवाण्या' भागांचं आहे.

आणखी एक. १९८६, ड्युसेलडॉर्फ. महापौराला सोडून तेन्मा आधी आलेल्या पोराच्या डोक्यातली गोळी काढतो. नैतिकदृष्ट्या बरोबर निर्णय, आणि खलनायक त्यातूनच जगतो. फ्रीझाला हरवता येतं. योहानला हरवायचं म्हणजे त्या निर्णयाला चूक म्हणायचं, आणि तेन्मा ते म्हणू शकत नाही. ७४ भाग याच एका गाठीवर चालतात.

---

चौकट_चारतीन

@निनावी_राक्षस, टक्केवारीचा टोमणा पोचला. पण आकड्या-आकड्यात फरक आहे. शिशिओची १५ मिनिटं ही मर्यादा आहे, तर फ्रीझाच्या ताकदीचा ५,३०,००० हा आकडा म्हणजे नुसतं भावपत्रक. मर्यादेतून कथा निघते, भावपत्रकातून पुढचं मोठं भावपत्रक. दुसऱ्या रूपात तो दहा लाखांच्या वर जातो आणि फ्रीझानंतर ते आकडे हळूहळू कथेतून गायबच झाले. ड्रॅगन बॉलचे लेखक तोरियामांनाही कळलं असणार की ही बेरीज संपणारी नाही.

डबचा प्रश्न राहिला. फ्रीझासाठी जपानी आवाज आणि सबटायटलच. जपानीत तो पहिल्या रूपात अत्यंत सभ्य, अदबशीर भाषेत बोलतो, म्हणजे मराठीत 'आपण जरा बाजूला होता का' असं म्हणत ग्रह उडवणारा. संताप वाढतो तशी ती अदब गळून पडते. तोरियामांनी त्याचा नमुना ऐंशीच्या दशकातल्या जपानी जमीनदलालांवरून घेतला होता: लोकांना हुसकावून जमीन रिकामी करायची आणि विकायची. फ्रीझा तेच ग्रहांचं करतो. अमेरिकी डबमध्ये हा सभ्य दलाल हरवतो, उरतो नुसता दुष्ट. आवाज र्‍यूसेई नाकाओ यांचा. लहान मुलांच्या आनपानमानमधल्या बाइकिनमानलाही त्यांचाच आवाज आहे, हे कळल्यावर फ्रीझा आणखीच विचित्र वाटतो.

---

खडूस_मांजर

अवांतर आहे, पण खलनायक आणि डब असा विषय निघालाच आहे तर शेरखानला विसरू नका. दूरदर्शनवर १९९३मध्ये लागणारी जंगल बुक ही जपानी मालिका, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ची, ५२ भाग. हिंदीत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. 'डब नको' म्हणणाऱ्यांनी तो एकदा ऐकावा. ओरडणं कमी, तुटक वाक्यं आणि मध्येच थांबणं. मोगलीपेक्षा शेरखान लोकांच्या जास्त लक्षात राहिलाय तो या थांबण्यांमुळे.

आणि भारत-जपान मिळून केलेल्या १९९२च्या रामायणपटात, यूगो साको आणि राम मोहन यांच्या, हिंदी रावण अमरीश पुरी. जानेवारी २०२५मध्ये ४केमध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला होता.

सरसकट सबटायटल म्हणू नका एवढंच.

---

शनिवार_दुपार

सगळ्यांचे आभार. हिशोब मांडला: काई १९, तोगुरो साडेअठरा, शिशिओ १७, योहान २६. साडेऐंशी तास. साडेनऊ उरतात. त्यात फुलमेटल अ‍ॅल्केमिस्ट बसेल का? आणि २००३ची की ब्रदरहूड?

---

निनावी_राक्षस

नाही बसणार. २००३ची ५१ भागांची, ब्रदरहूड ६४. शिवाय दोन्हींतले खलनायक वेगळे आहेत, एकीत दांते, दुसरीत 'फादर'. होमन्क्युलस (कृत्रिम माणसं) हेही एकीत फसलेल्या मानवी रूपांतरणातून, म्हणजे मेलेल्याला परत आणण्याच्या प्रयत्नातून जन्मतात, दुसरीत फादरच्या अंगातून निघालेली पापं असतात. दोन्ही बघायच्या असतील तर २००३ची आधी, कारण सुरुवातीचा भाग ती सावकाश सांगते आणि ब्रदरहूड तो गृहीत धरून पळते. पुढच्या दोन महिन्यांसाठी ठेवा.

---

हिएईचा_डोंगर

उरलेले साडेनऊ तास यू यू हाकुशोतच घाला. ६७ ते ९४, सेनसुई. २८ भाग, पावणेदहा तास, पंधरा मिनिटं जास्त जातील. सेनसुई हा यूसुकेच्याच हुद्द्यावरचा आधीचा माणूस, सात व्यक्तिमत्त्वं, मरायला काही दिवस उरलेले. तोगुरोनंतर लगेच घ्या, मध्ये योहान घुसवू नका.